क्रुसाची मागची बाजू

फिलू, तुझी निळी वही आता माझ्या टेबलावर आहे. पास्कोलने ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि वर वाडीतली चार वेलची केळी ठेवली. बहिणीची वही नुसती हातात देणं त्याला बरं वाटलं नसावं. शेवटच्या पानावर आपलं मराठी वर्णन आहे. अक्षर माझं, खाडाखोड तुझी. त्यात चार जागा रिकाम्या आहेत: रंग, बीजाणू, नमुना आणि नाव.

तू गेलीस त्याला महिना झाला. परवा चर्चमध्ये तुझ्या महिन्याचा मिस्सा, तुझ्यासाठीची प्रार्थना, झाला. लोक मला विचारतात, आता कसं वाटतं.  माझ्या डोक्यात सारख्या त्या चार जागा असतात, आणि त्यांपैकी दोन तू गेल्यावर आठवडाभरातच कशा भरल्या ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पण ते सांगायला मागून यावं लागेल.

मी मराठी शिकवायचे, तू वनस्पतिशास्त्र. कॉलेजात तुझी माझी ओळख एका शब्दावरून झाली. तू स्टाफरूममध्ये येऊन विचारलंस, 'शैवाक' हा शब्द कुणी केला? मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, लोक दगडफूल म्हणतात की. तू म्हणालीस, "दगडफूल मसाल्यात जातं, कारण ते दगडावरून सुटून येतं. माझं सुटत नाही. नख मोडेल, पण ते सुटणार नाही." त्याच शनिवारी तू मला नंदाखालला तुमच्या आळीत नेलंस, आळीच्या क्रुसासमोर उभं केलंस, आणि मी हात जोडणार तेवढ्यात म्हणालीस, "पुढे काही नाही. मागे ये."

मागे चौथऱ्याच्या काळ्या दगडावर तळहाताएवढा पिवळसर डाग होता. मला तो सांडलेल्या रंगासारखा वाटला. तू गळ्यातलं भिंग काढून माझ्या डोळ्याला लावलंस, माझं डोकं धरून दगडाच्या जवळ ढकललंस, आणि त्या डागाची जमीन झाली. तिला भेगा होत्या. भेगांमधल्या तुकड्यांवर बारीक बारीक ताटल्या होत्या, प्रत्येक ताटलीला करडी किनार होती. एका किनारीच्या आत आणखी एक किनार. मी किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक. मान अवघडली तेव्हा उठले. तू तोवर पायरीवर बसून शेंगा खात होतीस.

हे एक झाड नाही, दोघांचा संसार आहे, असं तू वर्गात सांगायचीस. बुरशी घर बांधते, शेवाळ स्वयंपाक करतं. कोण कुणाला राबवतं यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे. पोरं हसायची. मग तू गंभीर होऊन सांगायचीस की हे घर एका वर्षात नखाच्या कडेइतकंही वाढत नाही, म्हणून त्याच्यावर पाय देण्याआधी त्याचं वय विचारा.

तुमच्या आळीत दर मे महिन्यात क्रुसाच्या सणाआधी चौथऱ्याला चुना लागतो. झाडाखालची पानं लोटायची, पताका लावायच्या, आणि पास्कोल बादली घेऊन येणार. त्या सकाळी तू छत्री आणि स्टूल घेऊन क्रुसाच्या मागे जाऊन बसायचीस. लिंबाच्या सरबताची कळशी शेजारी. जो कुंचला घेऊन मागे येईल त्याला सरबत द्यायचं आणि पुढे पाठवायचं. "मागची बाजू माझी." पास्कोल दरवर्षी तेच म्हणायचा, "सगळ्या आळीचा क्रूस गोरा, आणि पाठीला खरूज. ही माझी बहीण प्रोफेसर." तू त्याला दरवर्षी तेच उत्तर द्यायचीस, की खरूज तुझ्या डोक्यात आहे, दगडावर नाही. मग सगळे निघून गेले की तू त्या डागावर पारदर्शक कागद धरायचीस आणि बारीक पेनने त्याची कड गिरवायचीस. तुझ्या वहीत ते सगळे कागद एकावर एक टाचलेले आहेत. काल मी ते उजेडात धरले. इतक्या वर्षांच्या रेघा, आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंतचं अंतर तांदळाच्या दोन दाण्यांएवढं.

ही जात कुठल्याच पुस्तकात नाही, अशी तुझी खात्री होती. दुहेरी किनार कुणाला नव्हती. तू तुंगारेश्वरचे कडे पालथे घातलेस, अर्नाळ्याच्या किल्ल्याला होडीने जाऊन भरतीची खूण दिसते त्या खडकांवर ओणवी झालीस. कोळणींनी मासे वाळत घातले होते, त्यांतली एक मला म्हणाली, तुमच्या मैत्रिणीचं काही हरवलंय का? तू खडकावरूनच ओरडून सांगितलंस, अजून सापडायचंय. दुसरीकडे कुठेही ते तुला मिळालं नाही. आणि क्रुसावरच्या ताटल्यांमधले बीजाणू कधी पिकलेले दिसले नाहीत. सुईच्या टोकावर मावेल एवढंच तू दरवर्षी घ्यायचीस. पिकलेल्या बीजाणूत दोन खोल्या आणि त्यांना जोडणारा एक बारीक बोळ दिसायला हवा होता. तुझ्या सहा काचपट्ट्यांवर नुसत्या रिकाम्या खोल्या आहेत, मधली भिंत उभी राहायच्या आतल्या.

आपलं खरं भांडण नमुन्यावरून होतं. मी शास्त्राची नाही, पण नियम तूच मला शिकवला होतास: दगडासकट तुकडा काढून संग्रहालयात ठेवल्याशिवाय नव्या जातीचं वर्णन ग्राह्य धरत नाहीत. फोटो चालत नाही. मग काढ ना तुकडा, मी म्हणायचे. अंगठ्याच्या नखाएवढा. तू म्हणायचीस, एवढंसं आहे, त्यातलं कुठलं काढू? मी म्हणायचे, नाव न मिळता मेलं तर? तू म्हणायचीस, नाव मिळून मेलं तर? एकदा मी रागावून बोलले की तुला शोध नकोच आहे, तुला नुसतं राखण करायचं आहे.  मग म्हणालीस, "शरू, मी त्या क्रुसाला छिन्नी कशी लावू?" ही भक्ती होती की सबब, मला तेव्हा कळलं नाही. तू इतक्या हळू बोललीस की पुढे विचारायचा धीर झाला नाही. तो विषय तिथेच राहिला, आणि आता तू नाहीस.

दुसरं भांडण रंगाचं. ते मात्र मजेचं. इंग्रजी वर्णन तू लिहीत होतीस, पण तुझा हट्ट होता की मराठीतही पूर्ण वर्णन हवं, आणि ते पास्कोलला वाचून कळलं पाहिजे. म्हणून मी. 'कवच', 'ताटली', 'दुहेरी कड' इथवर आपण बिनतक्रार आलो. रंगाशी अडलो. तू 'नारिंगी-पिवळा' म्हणालीस, मी म्हटलं, यातून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. मी 'सोड्यांचा रंग' लिहिलं, सुकवलेल्या कोळंबीचा. तू विचारलंस, कुठले सोडे, अर्नाळ्याचे की बाजारातले रंगवलेले? आणि खरंच मूठभर सोडे घेऊन क्रुसामागे आलीस, एकेक दगडाला लावून पाहिलास, आणि शेजारचं मांजर तुझ्या पदराशी आलं. सोडे गुलाबीकडे जातात, हे मला कबूल करावं लागलं. पण मी 'नारिंगी-पिवळा' लिहू दिलं नाही, आणि जागा रिकामी राहिली.

तुझ्या वहिनीला आठवतं, मसाल्याच्या दिवसांत तू दगडफुलाची पुडी उलटी करून बसायचीस. तवा तापलेला, मिरच्यांचा खकाणा, आणि तू: या पुडीत तीन जाती आहेत. वहिनी म्हणायची, तिन्ही भाजू दे मला, मग नावं ठेव. परवा ती हे सांगताना हसली आणि हसता हसता आत निघून गेली.

आता तुझ्या अंत्यविधीचं सांगते. मी शवपेटीच्या मागे तुझ्या वहिनीचा हात धरून चालत होते. आळीच्या क्रुसापाशी सगळे प्रार्थनेला थांबले. क्रूस पांढराशुभ्र होता. ओला चुना उन्हात चमकत होता, त्याचा वास येत होता. सणाला अजून आठवडा होता. मला आधी काहीच कळलं नाही, आणि मग एकदम कळलं. स्टुलावर कुणी नव्हतं. स्टुलावर बसणारी पेटीत होती.

मी वहिनीचा हात सोडला आणि मागे गेले. मागची बाजूही पांढरी होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. प्रार्थना चालू होती. फिलू, मी तुला हे कधीतरी सांगायलाच हवं: त्या क्षणी मी तुझ्यासाठी रडत नव्हते.

पास्कोल माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या बोटांच्या पेरांवर चुना होता, काळ्या पॅन्टवरही दोन थेंब. "पहाटे उठून केलं, टीचर," तो म्हणाला. "तिच्यासाठी दोन हात जास्त मारले. मागूनपण." त्याचे डोळे सुजलेले होते. मी म्हटलं, छान दिसतं. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नसेन, आणि ते बोलल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. मी ठरवलं की हे त्याला कधीच कळू द्यायचं नाही. जात गेली तर गेली.

पण तुझ्या शैवाकाने ते ठरू दिलं नाही.

चार-पाच दिवसांनी पास्कोलचा फोन आला. आवाज दबका होता. टीचर, जरा येऊन जाता? मी गोखिवऱ्याहून रिक्षाने गेले. त्याने मला थेट क्रुसामागे नेलं. चुना वाळला होता आणि त्याच्यातून तळहाताएवढा लालसर जांभळा डाग वर आला होता. त्याने त्यावर आणखी एक हात दिला होता, तरी तो पुन्हा उमटला होता. "आळीतल्या दोन म्हाताऱ्या बघून गेल्या," तो म्हणाला. "गुडघे टेकले त्यांनी. उद्या मेणबत्त्या आणतील, परवा बसने माणसं येतील. फिलू असती तर मला जोड्याने मारलं असतं. हे काय आहे, टीचर? मी काही वावगं केलं का?"

तुला आठवतं, माझ्या स्वयंपाकघरात बशीत हळद घेऊन त्यावर तू चुन्याचा थेंब टाकला होतास? कुंकवाचा रंग आला तेव्हा म्हणालीस, माझ्या बाळाचंही असंच होतं. त्याच्यात जो पिवळा आहे, तो अशा तिखट पाण्याने लाल-जांभळा होतो. प्रयोगशाळेत तू काडीने कॉस्टिकचा थेंब लावून हेच करायचीस, आणि कवचाचा तेवढा कण मेला म्हणून दर वेळी हळहळायचीस.

म्हणजे उत्तर मला माहीत होतं. ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागणार होतं. सांगितलं नाही तर उद्यापासून तिथे मेणबत्त्या लागणार होत्या, आणि तू तुझ्या थडग्यात कुशीवर वळली असतीस. मी हळद-चुन्याचं सांगितलं. तो ऐकत होता. हळदीला चुना, बरोबर, लाल. मग त्याने विचारलं, "पण दगडावर हळद कुणी लावली?"

मी म्हटलं, "ती खरूज, पास्कोल. ती मेली. तिचा रंग सुटलाय."

तो चौथऱ्याच्या पायरीवर बसला.  खिशातून तंबाखूची पिशवी काढली, मळायला घेतली, आणि तशीच हातात धरून बसला. मी भराभर बोलत राहिले, की तुझा काही दोष नाही, सगळी आळी दरवर्षी चुना लावते, तिनेच कधी नीट समजावलं नाही. शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, फिलू. तू सरबत द्यायचीस, कारण देत नव्हतीस.

"तिला ती एवढी हवी होती?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, जगात कुठेच नाही अशी जात आहे, असं तिला वाटत होतं. सगळे डोंगर धुंडाळले, अर्नाळ्याचा किल्ला धुंडाळला, नाही मिळाली.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी बावळटासारखं बोलले आहे. "अहो टीचर," तो म्हणाला, "ती खरूज आमच्या बावखलातपण आहे."

तुमच्या घरामागचं बावखल. वाडीला पाणी देणारं ते तळं, तुझ्या चुलीपासून पन्नास पावलांवर. मी त्याच्यामागून केळींतून चालत गेले. वैशाखात पाणी खाली गेलेलं होतं. तो चपला काढून उतरला, गुडघाभर गाळात उभा राहिला, आणि मला हात देऊन खाली घेतलं. या वयात मी दुसऱ्याच्या बावखलात उतरेन असं मला वाटलं नव्हतं. काठावर अळू माजलं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी बाजूला केलं. पूर्वी रहाटाचा वासा ज्या दोन उभ्या दगडांवर टेकायचा, त्यांतला एक तिथे पाण्याकडे कलून पडला होता. दुसरा कुठे गेला, मी विचारलं. रहाट काढला तेव्हा बाबांनी तो क्रुसाच्या चौथऱ्याला दिला, तो म्हणाला, मागच्या बाजूला. तुला सगळे म्हातारे सांगत आले की चौथऱ्याचे दगड वसईच्या किल्ल्यातून आले, आणि तू ते खरं धरून चाललीस.

दगडाची काठाकडची बाजू शेवाळाने हिरवी होती. पाण्याकडची बाजू पाण्यात उतरल्याशिवाय दिसत नाही. पाण्यावरून परतणारा उजेड तिच्यावर हलत होता. तिथे ते होतं. मी भिंग लावलं. भेगा, ताटल्या, किनारीत किनार.

मी पास्कोलला विचारलं, तिला का नाही सांगितलंस कधी? तो शांतपणे म्हणाला, "सांगितलं असतं तर मला गाळ काढू दिला असता का तिने? इथेपण स्टूल टाकून बसली असती."

मी हसले. गाळात उभी राहून, पदर ओला, मी इतकी हसले की तोही हसायला लागला, आणि मग दोघांनाही थोडा वेळ वेगवेगळ्या दिशांना बघावं लागलं.

तुझी ती थेंबाची परीक्षा करून बघायची होती, पण माझ्याकडे कॉस्टिक कुठलं? पास्कोलने तंबाखूच्या चुन्याची डबी काढली. त्या डबीवरून तू त्याला चाळीस वर्षं बोललीस. त्याने आगकाडीच्या टोकावर चुना घेतला, मी दाखवला त्या टोकाच्या कणाला अगदी हलकेच लावला, आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. काडीभोवती कुंकवाएवढा ठिपका लाल झाला.

"हळदच," तो म्हणाला. मग डोळे बारीक करून आणखी जवळ गेला. भिंग मी त्याला दिलं होतं. इतक्या वर्षांत ते त्याच्या हातात कुणी दिलं नव्हतं. "हे तर गाभोळीसारखं दिसतं, टीचर. घोळीच्या. नुकती कापून काढल्यावर असते तशी."

गाभोळी. माशाच्या अंड्यांची ती दाणेदार थैली, तिचा तो पिवळा, आतून ओलसर वाटणारा, पाहता पाहता नारिंगीकडे झुकणारा. दाण्यासकट रंग. फिलू, आपण दोघी हरलो. ज्याला वाचून कळायला हवं म्हणून आपण भांडत होतो, त्याला कधी विचारलंच नाही.

तो घरी जाऊन हातोडा आणि छिन्नी घेऊन आला. हा काही क्रूस नव्हे, तो म्हणाला, सांगा कुठे मारू. आणि इथे मी अडले. तळहाताएवढंच होतं, तेवढंच, पहिल्यासारखं. मी दगडाकडे बघितलं, छिन्नीकडे बघितलं, आणि माझ्याच्याने जागा दाखवता येईना. एवढंसं आहे, त्यातलं कुठलं काढू? ती सबब नव्हती, हे मला तिथे गाळात कळलं. तुला मी जे बोलले ते मागे घेते. उशीर झाला आहे, तरी घेते.

पास्कोल थांबला. मग म्हणाला, क्रुसावरचं मी पुसलं, आता याचं नाव तरी लागू दे. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी भिंगातून पुन्हा शोधलं, आणि कडेला, जिथे दगडाची धार आधीच सुटायला आली होती, तिथे बोट ठेवलं. त्याने तीन ठोके मारले. तिसऱ्याला नखाएवढी कपची त्याच्या तळहातावर पडली.

तू शिकवली होतीस तशी कागदाची पुडी मी केली, आधी तिहेरी घडी, मग दोन्ही कडा मागे. वर लिहिलं: आळीमागचं बावखल, रहाटाचा दगड, पाण्याकडची बाजू, सावली. पुडी उद्या तुझ्या विद्यार्थिनीकडे जाईल, तुझ्याच जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली. बोळ दिसतो की नाही ते ती पाहील. मला ते सांगता येणार नाही, आणि नावाची जागा मी कोरीच ठेवली आहे.

शेवटची ओळ गोळा करणाऱ्याच्या नावाची. मी पास्कोलचं पूर्ण नाव लिहिलं, तुमच्या वडिलांच्या नावासकट. त्याने ते वाचलं आणि विचारलं, माझं कशाला, शोधलं तर तिने.

मी म्हटलं, "ज्याच्या हातून निघतं त्याचं नाव लिहायचं असतं."

त्याने छिन्नी पाण्यात धुतली. मग अळूची पानं होती तशी दगडावर परत ओढून घेतली, आणि वर चढल्यावर म्हणाला, यंदा या बाजूचा गाळ राहू दे.